पंधरा कप, एक औषध, एक कोंबडी

महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या वर्गांवर शिक्षक व्हायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागते, आणि त्या परीक्षेच्या बालमानसशास्त्राच्या तयारीत लॉरेन्स कोलबर्ग यांच्या सहा अवस्था चुकत नाहीत. केंद्रीय परीक्षेच्या, म्हणजे सीटीईटीच्या अभ्यासक्रमात तर पियाजे, कोलबर्ग आणि वायगॉट्स्की ही तीन नावं सरळ छापलेली आहेत. उमेदवार पाठ करतात: आधी शिक्षेची भीती, मग देवाणघेवाणीचा हिशेब, मग चांगलं म्हणवून घेण्याची ओढ, मग कायदा आणि सुव्यवस्था, मग सामाजिक करार आणि सगळ्यांत वर सार्वत्रिक तत्त्वं. हे सगळं इतक्या ठामपणे मांडलेलं असतं की माणसाच्या मनाला सहा मजले असतात आणि वाढत्या वयाबरोबर आपण जिना चढत जातो, असंच वाटावं.

हा जिना कुणाला विचारून बांधला, ही माहिती मात्र परीक्षेला येत नाही. त्याचा पाया म्हणजे शिकागो परिसरातली १०, १३ आणि १६ वर्षांची ७२ मुलं. मुलं म्हणजे फक्त मुलगे.

मुलांना गोष्ट सांगायची, 'यात कुणाचं चुकलं?' असं विचारायचं आणि उत्तर शब्दशः उतरवून घ्यायचं, हा उद्योग आता शंभरीला टेकला आहे. त्याच्या इतिहासात सिद्धांतांपेक्षा हा 'कुणाला विचारलं?' चा प्रश्न जास्त बोलका आहे. दर वेळी नव्या कुणाला तरी विचारलं गेलं आणि दर वेळी एखादी पायरी हलली.

सुरुवात झाली गोट्यांपासून. झां पियाजे स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचे, जन्म १८९६चा. मूळचे ते प्राणिशास्त्राचे. १९१८ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती गोगलगायींच्या कुळातल्या जिवांवर. पुढे पॅरिसमध्ये त्यांच्याकडे मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या प्रमाणित करण्याचं कंटाळवाणं काम आलं. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच ते काम. पियाजेंना गोडी लागली ती चुकीच्या उत्तरांची, कारण ठरावीक वयाची मुलं ठरावीक तऱ्हेनेच चुकत होती. १९२१ साली एदुआर क्लापारेद यांनी त्यांना जिनिव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये बोलावून घेतलं आणि या चुका गोळा करण्याच्या छंदाला संस्थेचं छप्पर मिळालं. मुलांच्या नैतिक निवाड्यावरचं त्यांचं पुस्तक १९३२ साली आलं.

पियाजे आणि त्यांचे सहकारी जिनिव्हा आणि न्यूशातेलमधल्या मुलांपुढे गोट्या ठेवत आणि सांगत, मी लहानपणी खूप खेळायचो पण आता विसरलोय, मला शिकव. मोठ्या माणसाला काही शिकवायला मिळतंय म्हटल्यावर कुठलं पोर मागे राहील? गोट्याच का निवडल्या, यामागे विचार होता. खरं बोलावं, चोरी करू नये हे नियम आईबाप घालून देतात. गोट्यांचे नियम मात्र मोठी पोरं धाकट्यांच्या हवाली करतात. मोठ्या माणसांचा हात न लागलेला असा हा कायदा होता.

चार-पाच वर्षांची मुलं शेजारी बसून खेळत, पण ज्याचा त्याचा डाव निराळा, आणि शेवटी सगळेच जिंकलेले. आपल्याकडे गल्लीतली मुलं अशा भिडूला 'कच्चा लिंबू' ठरवून मोकळी होतात: त्याला खेळू द्यायचं, पण तो बाद धरायचा नाही. पियाजेंच्या पुस्तकाचा पहिला धडा आपल्या पोरांना असा न शिकवताच येत होता. सात-आठच्या पुढे जिंकण्याची ईर्षा येते आणि तिच्याबरोबर नियमांची गरजही. अकरा-बारा वर्षांचे खेळाडू तर पक्के वकील. अमुक झालं तर काय, तमुक झालं तर काय, यावर वाद घालण्यात त्यांना प्रत्यक्ष खेळाइतकाच रस.

हे नियम आले कुठून आणि ते बदलता येतील का, असंही पियाजे विचारत. लहानांच्या मते ते बापाने केलेले, देवाने केलेले किंवा गावच्या कारभाऱ्यांनी केलेले; बदलले तर तो खेळच खोटा. गंमत अशी, की नियम सर्वांत पवित्र मानणारी ही मंडळीच ते सर्वांत कमी पाळत होती. दहाच्या पुढची मुलं सांगत, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू की. आणि हीच मुलं नियम कसोशीने पाळत. पियाजेंच्या संपूर्ण मांडणीचं बीज या विसंगतीत आहे. वरून आलेल्या नियमाचा धाक असतो, पण तो अंगी लागत नाही. बरोबरीच्यांनी मिळून ठरवलेला नियम आपला होतो.

मग गोष्टी आल्या. एका मुलाला जेवायला हाक मारली, तो दार ढकलून आत आला. दारामागे खुर्चीवर तबक होतं आणि त्यात पंधरा कप. सगळे फुटले. दुसऱ्याने आई बाहेर गेली असताना कपाटातला जॅम पळवायला हात घातला आणि एक कप खाली पडून फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलांपैकी अनेकांनी पंधरा कपवाल्याला दोषी ठरवलं; मोठ्यांनी हेतू पाहिला. खोटं बोलण्याबद्दलची उत्तरं याहून मजेदार होती. एका मुलाने घरी येऊन सांगितलं की गाईएवढा कुत्रा पाहिला. दुसऱ्याने सांगितलं की बाईंनी मला चांगले गुण दिले, आणि ते खरं नव्हतं. धाकट्यांच्या मते कुत्र्याची थाप जास्त वाईट, कारण एवढा कुत्रा असतच नाही; गुणांचं खोटं निदान आईला पटण्यासारखं तरी होतं! सफरचंदं चोरून पळणारा मुलगा पुलाची कुजलेली फळी मोडून पाण्यात पडतो, अशीही एक गोष्ट होती. चोरी केली नसती तर तो पडला असता का? सहा वर्षांच्या मुलांपैकी ८६ टक्क्यांना ती चोरीचीच शिक्षा वाटली, अकरा-बाराच्या मुलांपैकी ३४ टक्क्यांना. फळीलाही पापपुण्य कळतं, हा विश्वास अकरा-बाराव्या वर्षीही तिघांतल्या एकाने सोडलेला नव्हता, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं.

या पुस्तकात पियाजेंचा एक जुना हिशेबही होता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचं म्हणणं होतं की नीती म्हणजे समाजाचा अधिकार, आणि शाळेत त्या अधिकाराचा प्रतिनिधी शिक्षक. पियाजे उलट सांगत होते: मास्तरांच्या धाकाने फार तर आज्ञाधारकपणा येतो, न्यायबुद्धी येते ती मधल्या सुट्टीत. युरोपात हुकूमशहांचा काळ सुरू झाला असताना लिहिलेलं हे वाक्य निव्वळ मानसशास्त्राचं नव्हतं.

मुली या पुस्तकात येतात, पण ओझरत्या. त्यांचा लपाछपीचा खेळ पाहून पियाजे सांगतात की मुलींना नियमांच्या काथ्याकुटात मुलांइतका रस नाही, आणि पुढे जातात. पन्नास वर्षांनी कुणीतरी या पुस्तकाची सूची उघडून पाहिली. तिथे 'मुली' अशी नोंद होती, 'मुलगे' अशी नव्हती; 'मूल' म्हणजे मुलगा हे गृहीतच होतं. पण ते पुढे.

अमेरिकेत त्याच सुमारास वेगळाच प्रयोग झाला. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२०च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना कॉपी करण्याची, पैसे लांबवण्याची, खोटे गुण सांगण्याची संधी मुद्दाम देऊन पाहिली. निष्कर्ष असा, की 'प्रामाणिक मूल' आणि 'लबाड मूल' असे दोन गट पडतच नाहीत. गणिताच्या तासाला कॉपी करणारा मैदानावर सरळ वागतो आणि उलटही घडतं. संस्कारवर्गांच्या पुरस्कर्त्यांना हे पचणं कठीण होतं. मुलं वागतात कशी हे असं हाती लागेना, तेव्हा ती विचार कसा करतात याकडे पुन्हा वळणं ओघानेच आलं.

वळले ते कोलबर्ग. १९२७ साली न्यूयॉर्कजवळ जन्मलेला हा श्रीमंत घरचा मुलगा दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापारी जहाजांवर काम करू लागला आणि १९४७ साली 'पडुका' नावाच्या एका जुन्या बोटीवर इंजिनिअर म्हणून गेला. ही बोट युरोपातल्या ज्यू निर्वासितांना ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून पॅलेस्टाइनला पोचवणार होती. तपासणीसांना सांगितलं गेलं की आतल्या फळ्या माणसांसाठी नाहीत, केळी ठेवण्यासाठी आहेत. बोट पकडली गेली आणि कोलबर्ग सायप्रसच्या छावणीत पोचले. चांगल्या कामासाठी कायदा मोडावा का, हा प्रश्न त्यांना पुस्तकात भेटला नव्हता.

शिकागो विद्यापीठात १९५८ साली सादर झालेल्या त्यांच्या प्रबंधातली हाइन्झची गोष्ट आज जगभरच्या वर्गांत सांगितली जाते. युरोपात एका बाईला कर्करोग झाला आहे. गावातल्या औषधवाल्याने एक औषध शोधलंय. ते बनवायला दोनशे डॉलर लागतात, तो मागतो दोन हजार. नवरा हाइन्झ दारोदार फिरतो, हजारभर जमवतो. औषधवाला ऐकत नाही. हाइन्झने दुकान फोडून औषध चोरावं का?

मराठी वाचकाला असा पेच नवा नाही. लोकमान्य टिळकांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण आहे. महाभारतात बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेले विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचं मांस चोरायला निघतात, तो प्रसंग टिळकांनी तिथे तपासायला घेतला आहे. जीव वाचवण्यासाठी चोरी, अगदी हाइन्झचीच अडचण. फरक इतकाच, की शांतिपर्वात यावर ऋषी आणि चांडाळ वाद घालतात. कोलबर्ग तोच वाद दहा वर्षांच्या पोरापुढे ठेवून टेपरेकॉर्डर सुरू करतात.

आणि 'हो' की 'नाही' याला गुण नव्हते, हे या पद्धतीतलं खरं कसब. 'चोरू नये, पोलिस पकडतील' हेही नाही, आणि 'चोरू नये, प्रत्येकाने असं केलं तर कायदा उरणारच नाही' हेही नाहीच. कोलबर्गांच्या मोजपट्टीवर पहिलं उत्तर पहिल्या पायरीवर, दुसरं चौथ्या. तैवानमधला त्यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. तिथे गोष्टीत औषधाऐवजी अन्न होतं. एका गावातली मुलं म्हणाली, नवऱ्याने चोरी करावी, कारण बायको मेली तर अंत्यविधीला फार खर्च येतो. अतायल या आदिवासींच्या गावात अंत्यविधी महाग नसतो. तिथली मुलं म्हणाली, चोरी करावी, नाहीतर रांधणार कोण? कारणं दोन, पण पायरी एकच, दुसरी: माझा फायदा काय. तुर्कस्तान आणि मेक्सिकोतल्या खेड्यांतही फिरून आल्यावर कोलबर्गांची खात्री झाली, की मजकूर देशोदेशी बदलतो, जिना तोच राहतो.

जिना मात्र डागडुजीला येत राहिला. शिकागोच्या मुलांपैकी ५८ जणांना दर तीन-चार वर्षांनी पुन्हा गाठून वीस वर्षं मुलाखती घेतल्या गेल्या. चिकाटी विलक्षणच. पण त्यातले काही कॉलेजात गेल्यावर खाली घसरलेले दिसले: शाळेत कायदा-सुव्यवस्थेचे पाईक असलेले तरुण आता 'ज्याला जे बरं वाटेल ते' असं म्हणू लागले. जिन्यावरून उतरता येत नाही, हा तर सिद्धांताचा कणा होता. तेव्हा गुण देण्याचे नियम पुन्हा लिहिले गेले आणि घसरण जवळजवळ नाहीशी झाली. सहाव्या पायरीचं झालं ते आणखी गमतीचं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखे लोक तिच्यावर उभे आहेत असं कोलबर्ग सांगत, पण सामान्य माणसांच्या मुलाखतींत ती सापडेच ना. शेवटी त्यांच्याच मूल्यमापन पुस्तिकेतून ती वगळण्यात आली. आपल्याकडच्या परीक्षेत ती अजून आहे.

कोलबर्गांचं सर्वांत जिवंत काम मोजपट्टीबाहेरचं आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत. १९७४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये एका मोठ्या सरकारी शाळेच्या पोटात 'क्लस्टर स्कूल' सुरू झालं. विद्यार्थी आणि शिक्षक, प्रत्येकाला एक मत. नियम दर आठवड्याच्या सभेत ठरायचे. एकदा एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर गेले. चोर कबूल होईना. पैसे कुणी घेतले याइतकाच आपल्यात असं घडलंच कसं, हाही प्रश्न आहे असं सभेत निघालं आणि ठरलं, की प्रत्येकाने पंधरा सेंट काढून तिची भरपाई करायची. पियाजेंच्या गोट्यांचा डाव इथे खऱ्या पैशांनिशी मांडला गेला होता.

हार्वर्डमध्ये कोलबर्गांबरोबर काम करणाऱ्या कॅरल गिलिगन यांना वेगळंच खटकत होतं. 'मुली' ही नोंद सूचीत हेरणाऱ्या त्याच. गर्भपात करावा की नाही या निर्णयाशी झगडणाऱ्या २९ स्त्रियांशी त्या बोलल्या. ही गोष्ट रचलेली नव्हती, बोलणारीचं आयुष्य होतं. १९८२ साली त्यांचं 'इन अ डिफरंट व्हॉइस' आलं. त्यात जेक आणि एमी ही अकरा वर्षांची दोन मुलं हाइन्झचा पेच सोडवतात. जेकला ते माणसं घातलेलं गणित वाटतं: पैशापेक्षा जीव मोठा, म्हणून चोरावं. एमी म्हणते, चोरी नको. तो तुरुंगात गेला आणि बायको पुन्हा आजारी पडली तर? कर्ज काढावं, औषधवाल्याशी नीट बोलावं. कोलबर्गांच्या मोजपट्टीवर एमी जेकपेक्षा एक पायरी खाली बसते. गिलिगन म्हणाल्या, ती खाली नाही; ती निराळ्या प्रश्नाचं उत्तर देते आहे. औषधवाला न ऐकण्याइतका निर्दय का, हा एमीचा प्रश्न गोष्ट रचणाऱ्यालाच सुचला नव्हता.

नंतरच्या पाहण्यांनी गिलिगन यांना निम्मीच साथ दिली. लॉरेन्स वॉकर यांनी १९८४ साली आधीचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा स्त्री-पुरुषांच्या गुणांत फारसा फरक निघाला नाही. न्यायाबरोबर काळजी आणि जबाबदारी हीही नीतीचीच भाषा आहे, हे मात्र त्यानंतर कुणाला नाकारता आलं नाही.

याच सुमारास भारत या गोष्टीत शिरला, तोही भुवनेश्वरच्या लिंगराज मंदिराच्या परिसरातून. शिकागोचे मानवशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर, ओडिशाचे मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी ३९ छोटे प्रसंग तयार केले आणि ते भुवनेश्वरमधल्या ब्राह्मण आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलांना व मोठ्यांना, तसंच शिकागोच्या हाइड पार्कमधल्या लोकांना विचारले. त्यांच्या विरुद्ध मत होतं मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरियल यांचं: अगदी बालवाडीतलं मूलही 'मारणं वाईट' आणि 'गणवेश न घालणं वाईट' यांतला भेद ओळखतं, पहिलं बाईंनी परवानगी दिली तरी वाईटच, दुसरं बाईंच्या हुकुमापुरतं. म्हणजे नीती वेगळी, रीत वेगळी.

भुवनेश्वरमध्ये ही रेघ पुसट झाली. वडील वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा तिथल्या ब्राह्मणांच्या यादीतला सर्वांत गंभीर गुन्हा ठरला. मराठी घरात सुतक माहीत असलेल्या कुणालाही यातला धक्का समजावून सांगायला नको. हाइड पार्कमध्ये त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. विधवेने आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाणं हेही तसंच. पाच वर्षांची मुलंसुद्धा आपापल्या गावच्या मोठ्या माणसांसारखंच बोलत होती. रीत कुठे संपते आणि नीती कुठे सुरू होते, हे गावागणिक ठरतं, असं श्वेडर म्हणाले. ट्युरियल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं उत्तर चोख होतं: कोंबडी खाल्ल्याने वडिलांच्या आत्म्याला इजा होते असं मानणारा माणूस शेवटी इजेबद्दलच बोलतो आहे, फरक परलोकाच्या माहितीत आहे, न्यायबुद्धीत नाही. हा वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजूंना थोडं-थोडं देऊन तो मिटवण्यात अर्थही नाही. विधवेच्या ताटातल्या माशाबद्दल खुद्द विधवांना काय वाटतं, हा प्रश्न मराठी समाजसुधारकांनी शंभर वर्षांपूर्वीच्या भांडणांत निराळ्या शब्दांत विचारला होता. त्याचं उत्तर 'गावाचं मत' या एका रकान्यात बसत नाही.

मिलर पुढे म्हैसूरला गेल्या. जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या घेऊन निघालेल्या माणसाचं पाकीट चोरीला जातं. त्याने अनोळखी माणसाचं तिकीट चोरून लग्नाला पोचावं, की मित्राला तोंडघशी पाडावं? म्हैसूरच्या बहुसंख्य लोकांनी मित्राला निवडलं, अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या बहुसंख्यांनी चोरी न करण्याला. म्हैसूरकरांच्या दृष्टीने मित्राचं कर्तव्य ही मेहरबानी नव्हती, ते ऋण होतं.

१९९३ साली जोनाथन हाइट आणि त्यांच्या ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया, रेसिफे आणि पोर्तो अलेग्रे या शहरांत मुलांना आणि मोठ्यांना विचारलं: घरचा कुत्रा गाडीखाली मेला, घरच्यांनी तो शिजवून खाल्ला, कुणी पाहिलं नाही. चूक आहे का? सुखवस्तू, शिकलेले लोक म्हणाले, किळसवाणं आहे पण त्यांचा प्रश्न. गरीब वस्त्यांतले लोक, फिलाडेल्फियातलेसुद्धा, म्हणाले, चूकच. देशापेक्षा वर्गाने जास्त फरक पडला होता. शिकागोच्या प्रबंधात निम्मी मुलं कामगार घरांतली होती, पण त्यांना कुत्र्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

उरली ती ज्यांना बोलताच येत नाही. २००७ साली येल विद्यापीठाच्या काइली हॅमलिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांनी सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना एक छोटा खेळ दाखवला: डोळे लावलेला एक ठोकळा टेकडी चढतोय, एक त्याला वर ढकलतो, दुसरा खाली. नंतर बाळापुढे दोन्ही ठेवले. बहुतेक बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. माणूस नीती घेऊनच पाळण्यात येतो, अशा बातम्या झाल्या. मग पाच खंडांतल्या ३७ प्रयोगशाळांनी मिळून हजारावर बाळांवर तसाच प्रयोग करून पाहिला आणि २०२४ साली निकाल प्रसिद्ध झाला: मदत करणारा निवडणारी बाळं जवळपास निम्मी, म्हणजे नाणं उडवावं तशी. लेखकांत हॅमलिनही होत्या. मूळ प्रयोगात ठोकळे बाळासमोर प्रत्यक्ष हलवले होते, या खेपेला ते पडद्यावर दाखवले होते. त्याने फरक पडतो का, हा प्रश्न उरलाच.